कार्ड व्हीएमला दिलं, चाललं, अन् परत गायब: ग्राफिक्स कार्ड पासथ्रूचं सारखं उलटणारं दुखणं

व्हर्च्युअल मशीनला (व्हीएम), म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या आभासी कॉम्प्युटरला, खरंखुरं ग्राफिक्स कार्ड जोडून दिलं (ह्यालाच पासथ्रू म्हणतात) की पहिल्या दिवशी सगळं झकास असतं, विंडोज उघडतं, ड्रायव्हर बसतो, प्रीमियर नाहीतर रिझॉल्व्ह ह्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला कार्ड दिसतं, रेंडर पळायला लागतो. दुखणं नंतर सुरू होतं. काल चालू होतं ते आज चालू होईना, होस्ट, म्हणजे ज्याच्यावर व्हीएम चालतात ते खरं मशीन, रीस्टार्ट केला की चालतं, मग परत तेच. लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगर, सगळीकडनं ओळखीतले लोक हेच विचारायलेत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवायलोय.

आपल्याकडं हा सेटअप हौसेपेक्षा गरजेनं जास्त होतो. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ, फ्लेक्स असलं काम करणाऱ्या दुकानात एकच दणकट मशीन घ्यायचं, त्याच्यावर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी लिनक्सवरची सिस्टम) टाकायचं, एका व्हीएममध्ये विंडोज आणि त्याला कार्ड, दुसऱ्यात टॅली, तिसऱ्यात फोटोंचा साठा. यूपीएस एकच सांभाळायचा, एसी एकाच खोलीत लावायचा, आणि विंडोज बिघडलंच तर कालचा बॅकअप चढवून लगेच कामाला लागायचं. हा लई चांगला मार्ग आहे, मी सगळ्यांना सांगतो. फक्त भर लग्नसराईत कार्ड गायब झालं की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मग तो दहा व्हिडिओ बघून दहा कर्नेल पॅरामीटर (होस्टच्या सिस्टमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, बूट होताना द्यायच्या सूचना) एकदम टाकतो, त्यातलं एखादं लागू पडतं, पण कोणतं पडलं ते कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

माझं म्हणणं एवढंच की काय बिघडलं ते शोधायच्या आधी कधी बिघडलं ते नीट आठवा. होस्ट चालू केल्या केल्या, व्हीएम दुसऱ्यांदा चालू करताना, अपडेटनंतर, लाईट जाऊन आल्यावर, पेटी उघडून काही नवीन बसवल्यावर, का आठवडाभर मशीन चालू राहिल्यावर. ह्या प्रत्येक वेळेचं कारण वेगळं आहे आणि उपाय पण वेगळा आहे. वेळ कळली की अर्धं काम झालं.

आधी थोडं मुळातलं. बैल एका वेळी एकाच औताला जुंपता येतो तसं कार्ड एका वेळी एकाच मालकाचं असतं, एकतर होस्टच्या ड्रायव्हरचं नाहीतर व्हीएमचं. व्हीएमला द्यायचं कार्ड होस्टवर व्हीएफआयओ-पीसीआय नावाचा ड्रायव्हर धरून ठेवतो, तो स्वतः कार्डाकडून काहीच काम करून घेत नाही, नुसती जागा अडवून बसतो म्हणजे दुसरा ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. आणि कार्ड थेट मेमरीत लिहितं, प्रोसेसरला न विचारता, म्हणून ते फक्त त्या व्हीएमच्याच मेमरीत लिहील ह्याची राखण आयओएमएमयू करतो. इंटेलवर त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीवर एएमडी-व्हीआय. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, हे चालू नसेल तर पुढचं काहीच होत नाही.

(कमांडची नावं इथं उच्चारानं लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात टाका.)

कुठलाही उपाय करायच्या आधी होस्टवर एकच कमांड मारा, एलएसपीसीआय -एनएनके. त्यात आपलं कार्ड शोधा आणि 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' ह्या ओळीत काय आहे ते बघा. तिथं व्हीएफआयओ-पीसीआय असेल तर बांधणी बरोबर आहे, दोष पुढं कुठंतरी आहे. तिथं नूव्हो, एनव्हिडिया किंवा एएमडीजीपीयू ह्यातला एखादा ग्राफिक्स ड्रायव्हर दिसला तर होस्टनंच कार्ड आधी उचललंय. त्याच्या खाली 'कर्नेल मॉड्यूल्स' अशी अजून एक ओळ असते, तिच्यात नूव्हो दिसलं म्हणून घाबरू नका, ती नुसती कोणकोणते ड्रायव्हर चालू शकतात त्याची यादी आहे. आणि कार्डाचे सगळे भाग बघा. पत्त्याच्या शेवटी पॉइंट शून्य तो चित्राचा भाग, पॉइंट एक तो एचडीएमआयच्या आवाजाचा भाग, आणि आरटीएक्स २० मालिकेतल्या बऱ्याच कार्डांत अजून दोन, यूएसबी कंट्रोलर आणि त्याच्या टाइप-सीचा भाग. लोक चित्राचा भाग बांधतात आणि आवाजाचा भाग होस्टच्या साउंड ड्रायव्हरकडंच राहतो, मग कधी चालतं कधी चालत नाही. सगळे भाग एकाच व्हीएमला द्या.

आता वेळेप्रमाणं.

अपडेट झाला आणि कार्ड गेलं, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. कर्नेल नवीन येतो, त्याच्यासोबत इनिट्रॅमएफएस नवीन बनतो, म्हणजे बूट होताना सगळ्यात आधी मेमरीत येणारा छोटा डबा, त्याच्यात व्हीएफआयओची सेटिंग गेली नसेल तर होस्टचा ड्रायव्हर आधी पोचतो आणि कार्ड धरतो. ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात व्हीएफआयओ-पीसीआयला कार्डाचे आयडी द्यायचे, चित्राचा आणि आवाजाचा दोन्ही, आणि सॉफ्टडेपची ओळ लिहायची की नूव्हो, एनव्हिडिया किंवा एएमडीजीपीयू जो कोणी असेल त्याच्या आधी व्हीएफआयओ-पीसीआय चढला पाहिजे. एवढं लिहून झालं की अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल. ही शेवटची कमांड राहून जाते म्हणून फाईल बरोबर असून पण फरक पडत नाही, माणूस फाईलच परत परत तपासत बसतो. फेडोरावर हेच काम ड्रॅकट करतो.

प्रॉक्समॉक्सवर इथंच अजून एक गोम आहे. झेडएफएसवर (डिस्कवर डेटा ठेवायची एक पद्धत) यूईएफआयनं (नव्या प्रकारचा बायोस) बसवलेल्या बऱ्याच मशीन ग्रब ह्या नेहमीच्या बूटलोडरनं बूट होत नाहीत, सिस्टमडी-बूट ह्या दुसऱ्या बूटलोडरनं होतात. मग तुम्ही ग्रबच्या फाईलमध्ये इंटेल_आयओएमएमयू=ऑन लिहा, अपडेट-ग्रब मारा, कमांड काही एरर देत नाही आणि फरक मात्र काडीचा पडत नाही. अशा मशीनला पॅरामीटर ईटीसी/कर्नेल/सीएमडीलाइन ह्या फाईलमध्ये एकाच ओळीत लिहायचे असतात आणि नंतर प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश. कोणता बूटलोडर आहे त्याच्यावर वाद घालण्यापेक्षा रीबूटनंतर कॅट करून प्रॉक/सीएमडीलाइन बघा, कर्नेलला खरंच काय मिळालं ते तिथं दिसतं. तिथं तुमचा शब्द नसेल तर तो पोचलाच नाही, विषय संपला. एएमडीवर आयओएमएमयू कर्नेल आपणहून चालू करतो, आणि इंटेलवर पण प्रॉक्समॉक्सच्या ६.८ कर्नेलपासून तसंच आहे, त्यामुळं जुन्या लेखातली प्रत्येक ओळ डोळे झाकून उतरवायची गरज राहिलेली नाही. तसंच व्हीएफआयओ_व्हीआयआरक्यूएफडी नावाचं मॉड्यूल ६.२ कर्नेलपासून वेगळं राहिलंच नाही, ते सापडत नाही असं बूटच्या वेळी लिहून आलं तर दुर्लक्ष करा, दोष तिथं नाही.

दोन सारखीच कार्डं असतील, एक होस्टला एक व्हीएमला, तर आयडीनं बांधता येत नाही कारण दोघांचा आयडी एकच. तिथं पीसीआय पत्त्यावरनं ड्रायव्हर_ओव्हरराइड लावावं लागतं. नवीन माणसाला मी सांगेन की दोन वेगळी कार्डं घ्या, नाहीतर प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स होस्टला वापरा.

आणि हे आतलं ग्राफिक्स, ह्याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडं असेंबल करून देणारे बहुतेक वेळा एफ अक्षराचा इंटेल प्रोसेसर देतात, म्हणजे आय५-१२४००एफ वगैरे, कारण तो थोडा स्वस्त पडतो. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्ये पण नाही. साध्या पीसीला काही अडत नाही, पण पासथ्रूला अडतं, कारण मशीनमध्ये एकच कार्ड, आणि चालू होताना बायोस आणि कर्नेल त्याच कार्डावर स्क्रीन दाखवतात. बूटचं ते चित्र कार्डाच्या मेमरीचा एक तुकडा धरून बसतं आणि व्हीएम चालू करायला गेलं की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदवहीत, 'बार ० कान्ट रिझर्व्ह' अशा ओळी धडाधड यायला लागतात. कार्ड व्हीएफआयओकडं आहे, एलएसपीसीआय सगळं बरोबर दाखवायलंय, आणि तरी मॉनिटर काळाच. प्रॉक/आयओमेम बघितलं तर त्या पत्त्यावर बूटएफबी (बूटच्या चित्रानं धरलेली जागा) लिहिलेलं सापडतं.

जुन्या लेखात ह्याच्यावर व्हिडिओ=ईएफआयएफबी:ऑफ असा उपाय असतो आणि तो कित्येक वर्षं चालला. ५.१५ कर्नेल आला तेव्हापासून बऱ्याच मशीनवर त्याचा उपयोग होईना, कारण बूटचं चित्र धरायची पद्धतच बदलली. तिथं इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट=सिसएफबी_इनिट हे पॅरामीटर चालतं. हे लावल्यावर होस्टची स्क्रीन बूटच्या मध्येच थांबते, ते बरोबरच आहे, मशीन हँग झालेलं नसतं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं किंवा मोबाईलवरनं प्रॉक्समॉक्सचं वेब पान उघडून बघा. पण खरा पक्का उपाय म्हणजे आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा, बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले तिकडं करायचा, आणि होस्टचा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावायचा. मग हे बूटएफबीचं झंझट मुळातच राहत नाही. नवीन मशीन घेत असाल तर दुकानदाराला एफ नको असं स्पष्ट सांगा, तो म्हणेल कार्ड घ्यायलाच लागलात तर कशाला पाहिजे, त्याचं ऐकू नका. रायझन ७००० मालिकेत तर बहुतेक सगळ्यांत आत थोडंसं ग्राफिक्स असतंच, होस्टला तेवढं पुष्कळ होतं.

आता दुसरी वेळ. होस्ट चालू केल्यावर व्हीएम पहिल्यांदा मस्त चालते, बंद करून परत चालू केली की काळी स्क्रीन. हा रीसेटचा दोष. व्हीएम बंद होते तेव्हा कार्ड कोऱ्या अवस्थेत यायला पाहिजे, म्हणजे पुढच्याला ते नव्यासारखं मिळेल. काही कार्डांना ते जमत नाही. एएमडीची पोलारिस, म्हणजे आरएक्स ४०० आणि ५०० मालिका, वेगा, आणि 'नवी' ह्या नावाची चिप, म्हणजे आरएक्स ५००० मालिका, ह्यांच्याबद्दल हे जगभर माहिती असलेलं दुखणं आहे. आरएक्स ६००० पासून परिस्थिती बरीच सुधारली. एनव्हिडियाच्या कार्डांत हे क्वचित दिसतं. जुन्या बाजारात आरएक्स ५८० भरपूर मिळतं आणि किमतीत परवडतं म्हणून आपल्याकडं हा प्रश्न जास्त येतो.

ह्याच्यावर व्हेंडर-रीसेट नावाचं एक कर्नेल मॉड्यूल आहे, ते त्या त्या चिपला तिच्या पद्धतीनं रीसेट करतं. ते बसवलं की काम होतं, पण लोक दोन गोष्टी विसरतात. एक, ५.१५ कर्नेलपासून नुसतं बसवून भागत नाही, सिसएफएसमध्ये (होस्टवरचं सिस फोल्डर) त्या कार्डाच्या फोल्डरात रीसेट_मेथड नावाची फाईल असते तिच्यात डिव्हाइस_स्पेसिफिक असं लिहावं लागतं, आणि ते रीबूटला पुसलं जातं, म्हणून बूटच्या वेळी आपोआप लिहिणारी छोटी सर्व्हिस करून ठेवा. दुसरी गोष्ट, हे मॉड्यूल डीकेएमएस नावाच्या साधनानं प्रत्येक नव्या कर्नेलसाठी परत बनतं, आणि त्या कर्नेलचे हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाईली) बसलेले नसतील तर ते बनतच नाही, अपडेटवाला गप पुढं जातो. मग "मागं दुरुस्त करून दिलं होतं ते परत बिघडलं" असा फोन येतो. डीकेएमएस स्टेटस बघा, आत्ता चालू असलेल्या कर्नेलपुढं इन्स्टॉल्ड लिहिलंय का.

एलएसपीसीआयमध्ये कार्डापुढं 'रेव्ह एफएफ' आलं किंवा हेडर टाइप ७एफ, नाहीतर १२७, ओळखता येईना असं आलं तर कार्ड बसवरनं पार सुटलेलं आहे. तिथं व्हीएम बंद-चालू करून काही होत नाही. साधा रीबूट पण कधीकधी पुरत नाही कारण रीबूटमध्ये स्लॉटची वीज जातच नाही. मशीन पूर्ण बंद करा, मागचं बटण बंद करा, थोडा वेळ थांबा, मग चालू करा. हे सारखंच व्हायलंय आणि डीमेसेजमध्ये डी३कोल्डचा उल्लेख दिसायलाय तर कार्ड झोपेतनं उठेना असं समजा, व्हीएफआयओ-पीसीआयला डिसेबल_आयडल_डी३=१ देऊन बघा. आणि भर लोडवर, म्हणजे रेंडर चालू असतानाच सुटतंय तर सॉफ्टवेअरकडं बघूच नका, आधी पॉवर सप्लाय, कार्डाची वायर आणि असेल तर रायझर केबल बघा. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाच होतंय का तेही बघा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्याच्यावर १७० वॅटचं आरटीएक्स ३०६०, प्रोसेसर, डिस्क आणि दोन मॉनिटर बसवले की बॅटरीवर जाताना तो दगा देणारच.

विंडोजकडनं होणारा एक प्रकार ह्याच्यासारखाच दिसतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाऊन म्हणजे पुरतं शटडाऊन नसतं, कर्नेल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथनंच उचलली जाते. इकडं कार्ड मात्र मधे कोरं झालेलं असतं. दोघांचा मेळ बसत नाही. व्हीएममध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ करून टाका, स्लीप पण बंद करा. प्रत्येक पासथ्रू व्हीएमवर मी हे पहिल्याच दिवशी करतो.

कोड ४३, म्हणजे विंडोजमध्ये कार्डापुढं येणारा एक एरर, त्याच्याबद्दल लोक अजून जुनंच धरून बसलेत. एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्वी आपण व्हीएममध्ये आहोत असं ओळखून जीफोर्स कार्ड बंद करून टाकायचा, म्हणून हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारी सिस्टम, लपवायचे उपाय निघाले. मार्च २०२१ मध्ये ४६५ ड्रायव्हरपासून कंपनीनंच जीफोर्सला विंडोज व्हीएममध्ये चालायची मोकळीक दिली. आज कोड ४३ आला तर लपवालपवीत वेळ घालवू नका, कार्ड नीट रीसेट झालंय का, बूटच्या स्क्रीनला तेच कार्ड वापरलं गेलंय का, त्यामुळं त्याची रॉम (कार्डात साठवलेला त्याचा छोटा प्रोग्रॅम) अर्धवट वाचली जातेय का, आणि व्हीएमच्या सेटिंगमध्ये मशीन क्यू३५ अन् बायोस ओव्हीएमएफ आहे का हे बघा. पहिल्या स्लॉटमधल्या कार्डाची रॉम फाईल वेगळी द्यायची वेळ येते ती ह्याच्यामुळंच. ती फाईल त्याच कार्डावरनं काढलेली पाहिजे, दुसऱ्याची उतरवलेली नको.

आता लाईट. ह्या एका गोष्टीवर बाहेरच्या लेखात कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. परभणीच्या एका अल्बमवाल्या दादांचा फोन होता.

"भाऊ, रातच्याला चांगलं चालू होतं की, आता व्हीएमच उठंना, काहून?"

"दादा, मधे लाईट गेली होती का?"

"गेली म्हणजे काय, पहाटपतुर आली नव्हती. यूपीएस पण बसला."

"होस्टची तारीख काय दाखवायलंय बघा बरं."

तारीख कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. भिंतीतनं वीज येत होती तोपर्यंत बायोसच्या सेटिंग टिकत होत्या, रात्रभर वीज पूर्ण गेली आणि बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर आला, त्यात व्हीटी-डी बंद असतं, बऱ्याच बोर्डांत असतंच. प्रॉक्समॉक्स मग 'आयओएमएमयू नॉट प्रेझेंट' एवढंच म्हणतो आणि माणूस कर्नेलमध्ये खोदत बसतो. सेल घड्याळवाल्याकडं मिळतो, बदलायला काही अक्कल लागत नाही, बदलल्यावर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, व्हीटी-डी किंवा एएमडी असेल तर एसव्हीएम आणि आयओएमएमयू, अबव्ह ४जी डिकोडिंग, प्रायमरी डिस्प्ले आणि वीज आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग एवढं परत लावा आणि त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर पण हेच सगळं परत लावावं लागतं. जुन्या बोर्डवर सारखं सारखं हे दुखणं उलटत असेल तर तारीख बघणं ही माझी पहिली पायरी असते.

यूपीएस घेताना यूएसबीनं कळवणारा घ्या, म्हणजे एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर बसवून बॅटरी कमी झाली की होस्ट आपणहून व्हीएम नीट बंद करून स्वतः बंद होईल. विंडोजमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवायला विसरू नका, त्याच्यामुळं शटडाऊनचा निरोप खात्रीनं पोचतो.

पेटी उघडून काही बसवलं आणि बिघडलं, हा प्रकार कमी होतो पण सगळ्यात धोक्याचा आहे. नवीन एनव्हीएमई डिस्क टाकली की पुढच्या सगळ्या पीसीआय पत्त्यांचे आकडे सरकू शकतात. कार्ड ०१:०० वर होतं ते ०२:०० वर गेलं, आणि व्हीएमच्या सेटिंगमध्ये अजून ०१:०० लिहिलेलं आहे. आता ०१:०० वर ती डिस्क असेल, आणि व्हीएम आपोआप चालू होणारी असेल, तर व्हीएम उठताना होस्टच्या हातातनं डिस्कच ओढून घेते. त्याच डिस्कवर होस्ट असेल तर पुढं काय होतं ते सांगायला नको. नेटवर्क कार्डाचं नाव पण पत्त्यावरनंच ठरतं, ईएनपी५एस० चं ईएनपी६एस० होतं आणि होस्टचं वेब पान उघडायचं बंद होतं, मग लोक म्हणतात मशीनच गेलं. पेटी उघडायच्या आधी व्हीएमचं 'स्टार्ट ॲट बूट' काढून ठेवा, नवीन वस्तू बसवून होस्ट चालू करा, एलएसपीसीआय बघा, पत्ता दुरुस्त करा, मगच व्हीएम लावा. प्रॉक्समॉक्स ८ मध्ये रिसोर्स मॅपिंग आलंय, त्यात कार्डाला आपण नाव देतो आणि चालू करताना पत्त्यावर तेच कार्ड आहे का हे आयडीवरनं तपासलं जातं, तसं नसेल तर व्हीएम उठतच नाही. ते वापराच.

नवीन स्लॉट वापरायला गेलात तर आयओएमएमयू ग्रुपचा (आयओएमएमयूला एकमेकांपासून वेगळे करता न येणाऱ्या वस्तूंचा गट) प्रश्न पण येतो. प्रोसेसरला थेट जोडलेला वरचा मोठा स्लॉट बहुतेक वेळा वेगळ्या ग्रुपमध्ये असतो, चिपसेटवरचे खालचे स्लॉट मात्र लॅन, साटा सगळ्यांसोबत एकाच ग्रुपमध्ये असतात, आणि ग्रुप अख्खा द्यावा लागतो. एसीएस ओव्हरराइड लावून ग्रुप फोडता येतात पण ती नुसती कागदावरची वाटणी आहे, आतली राखण खरी होत नाही. कार्ड वरच्या स्लॉटमध्ये बसत असेल तर तेच करा.

शेवटची वेळ, आठवडाभर मशीन चालू राहिलं की व्हीएम परत उठत नाही, आणि होस्ट रीस्टार्ट केला की लगेच उठते. सगळ्यांना वाटतं रीसेटचा दोष आहे, कारण लक्षण तसंच दिसतं. एरर नीट वाचा, 'कॅनॉट अलोकेट मेमरी' असं असेल तर कार्डाचा काही संबंध नाही. पासथ्रू व्हीएमची सगळी रॅम चालू होतानाच पक्की अडवली जाते, कारण कार्ड कुठंही थेट लिहू शकतं, त्यामुळं बलूनिंगनं, म्हणजे व्हीएम चालू असतानाच, ती कमी-जास्त करता येत नाही. इकडं झेडएफएस वाचलेला डेटा रॅममध्ये साठवत जातो, पूर्वीच्या मशीनवर निम्म्या रॅमपर्यंत. ३२ जीबीच्या होस्टवर विंडोजला २४ दिले असतील तर ताज्या बूटला जागा असते, काही दिवसांनी नसते, आणि झेडएफएस ती पाहिजे तेवढ्या लवकर सोडत नाही. झेडएफएस_आर्क_मॅक्स लावून मर्यादा घाला, ४ जीबी ठेवली तरी अशा दुकानाला पुरते. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नवीन इन्स्टॉलमध्ये ही मर्यादा रॅमच्या १० टक्क्यांवर असते, जास्तीत जास्त १६ जीबी, जुन्या मशीनवर मात्र हातानं लावावी लागते.

एवढं करून पण सुटलं नाही आणि कोणाला विचारायचं झालं तर स्क्रीनचा फोटो पाठवू नका, व्हीएम चालू करायची वेळ बघून ठेवा आणि डीमेसेजमधल्या त्याच वेळेच्या ओळी, एलएसपीसीआय -एनएनकेचं उत्तर, प्रॉक/सीएमडीलाइन आणि व्हीएमची सेटिंग फाईल एवढं पाठवा. सोबत आधी सांगितलं तसं कधी बिघडलं ते लिहा.

आणि ज्यांचं सध्या नीट चालू आहे त्यांनी प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नेल पिन ही कमांड बघून ठेवा. ज्या कर्नेलवर सगळं व्यवस्थित चालतंय तो पिन केला की अपडेट आला तरी मशीन त्याच कर्नेलवर उठतं. लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या आधी पिन करा, तिथी संपल्या की एखाद्या निवांत दिवशी अनपिन करून नवीन कर्नेल लावा, कारण सिक्युरिटीच्या दुरुस्त्या वर्षभर अडवून ठेवणं बरं नाही, आणि त्या दिवशी एलएसपीसीआय, डीकेएमएस आणि व्हीएमचं दोनदा बंद-चालू एवढं तपासूनच दुकान बंद करा.